द्राक्षांच्या गावातले मातीचे देव

तुमच्या स्वयंपाकघरात फळीवर लोणच्याची बरणी असेलच. वरून तपकिरी, खालून पांढरट. हात फिरवला तर काचेसारखी गुळगुळीत लागते. ती तेल शोषत नाही, आणि मीठ नि आंबट वर्षभर आत राहिले तरी तिला काही होत नाही. आता शेजारचा पाण्याचा माठ पाहा. तोही भाजलेल्या मातीचाच, पण तो पाझरतो आणि म्हणूनच पाणी गार करतो. दोघांची माती वेगळी असते हे खरे, पण डोळ्यांना दिसणारा मोठा फरक झिलईचा आहे. झिलई म्हणजे मातीच्या अंगावर वितळवून बसवलेला काचेचा पातळ थर.

याच झिलईच्या जोरावर सुमारे पावणेसहाशे वर्षांपूर्वी इटली देशात मातीचे देव, देवदूत आणि संत घडवले गेले. ते चर्चच्या भिंतींवर, दारांच्या कमानींत आणि छतांवर बसवले गेले आणि आजही तिथेच आहेत. ऊन, पाऊस, थंडी सोसूनही त्यांचा पांढरा पांढरा राहिला आहे आणि निळा निळा. तुम्ही म्हणाल, साहेब शेतीचे सोडून हे कुठे निघाले? पण थोडे थांबा. या गोष्टीत शेती बरीच आहे.

मी राहतो कुपवाडला. सांगली आणि मिरज यांच्या मधले हे गाव. १९९८ पासून तिन्ही मिळून एक महानगरपालिका झाली आहे. आता कुपवाड म्हटले की लोकांना औद्योगिक वसाहत आठवते, पण वस्ती संपली की रान लागते. उत्तरेला तासगावच्या द्राक्षबागा, आणि नदीच्या अंगाला कृष्णेचा पोयटा व त्यावर चालणाऱ्या वीटभट्ट्या. द्राक्ष आणि माती या दोन गोष्टी आमच्या भागाला नव्या नाहीत. म्हणूनच २०२३ च्या सप्टेंबरात द्राक्ष बागायतदारांच्या एका गटाबरोबर इटलीला अभ्यासदौऱ्यावर जाण्याचा योग आला, तेव्हा एका गावाने आम्हा सगळ्यांना धरून ठेवले.

त्या वर्षीचा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. देशात शंभरावर वर्षांत इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. आमच्या गटातले लोक विमानात बसले तेव्हाही त्यांचे लक्ष घरच्या विहिरीकडे होते. गणपतीच्या आत परत यायचे आणि आल्यावर छाटणीला लागायचे, असा हिशेब होता.

इटलीच्या मध्यभागी टस्कनी नावाचा प्रांत आहे, फ्लॉरेन्स हे त्याचे मुख्य शहर. शहराच्या दक्षिणेला कियांती नावाचा डोंगराळ पट्टा लागतो. जगभर नावाजलेली कियांती वाइन तिथली. उतारावर द्राक्षांच्या ओळी, मध्ये ऑलिव्हची झाडे, टेकडीवर दगडी घरे. तोडणीला अजून थोडा अवकाश होता. तिथल्या बागायतदारांच्या तोंडी एक शब्द वारंवार येतो, गलेस्त्रो. हाताने दाबले तर पापुद्रे सुटावेत असा हा फुटीर, मुरमासारखा मातीखडक. पाण्याचा निचरा चांगला होतो म्हणून द्राक्षाला तो मानवतो. या पट्ट्याच्या तोंडाशी, फ्लॉरेन्सपासून पंधराएक किलोमीटरवर, इम्प्रुनेटा नावाचे गाव आहे. तिथे ह्याच गलेस्त्रोची माती करून कौले, फरशा आणि लिंबाच्या झाडांसाठी मोठमोठ्या कुंड्या भाजतात. गावाच्या चार पेठांपैकी एकीचे नावच ‘फोर्नाची’, म्हणजे भट्ट्या. दर सप्टेंबरच्या शेवटी गावात द्राक्षोत्सव भरतो आणि चारही पेठा आपापले चित्ररथ घेऊन चौकात उतरतात. हा उत्सव १९२६ पासून चालू आहे. ऑक्टोबरात संत ल्युकच्या नावाने जत्रा भरते. ती पूर्वी घोड्या-खेचरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध होती. १६२० साली जाक कॅलो नावाच्या फ्रेंच चित्रकाराने तिचे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले. त्यात माणसे आणि जनावरे इतकी दाटली आहेत की आपल्या खरसुंडीच्या बाजाराची आठवण व्हावी.

या चौकाला लागूनच मेरीमातेचे चर्च आहे. चर्चमध्ये मेरीमातेचे एक जुने चित्र आहे. ते एरवी पडद्याआड झाकलेले असते. चौदाव्या शतकापासून फ्लॉरेन्सचे लोक अवर्षण पडले, अतिवृष्टी झाली किंवा साथ आली की हे चित्र मिरवणुकीने शहरात नेत. पाऊस पडावा म्हणून आणि पडत असेल तर थांबावा म्हणूनही. आमच्या लोकांना हे समजावून सांगावे लागले नाही. ग्रामदेवतेची पालखी पावसासाठी शिवेपर्यंत नेणारी माणसे ती. चित्र सापडल्याची आख्यायिकाही आपल्याकडे शोभेल अशीच आहे. दिवसा बांधलेली भिंत रात्री ढासळायची. मग लोकांनी दगड लादलेली खोंडांची जोडी मोकळी सोडली. ती जिथे थांबून गुडघे टेकून बसली तिथे खणले, तर मातीत हे चित्र मिळाले.

या चित्रासाठी आणि क्रुसाच्या एका पवित्र तुकड्यासाठी चर्चच्या मुख्य वेदीच्या दोन अंगांना दोन लहान मंदिरे उभारली आहेत. त्यांतले मातीचे काम ल्युका देल्ला रोब्बिया या शिल्पकाराने पंधराव्या शतकाच्या मध्यानंतर केले. मी आत शिरलो तेव्हा प्रथम नजर वर गेली. छतच मातीचे, झिलईच्या चौकटी-चौकटींचे. मग समोर संतांच्या उभ्या मूर्ती. अंगे दुधासारखी पांढरी आणि मागची पाटी स्वच्छ आभाळासारखी निळी. चेहरे शांत, कुठे आवेश नाही. आणि वरच्या पट्टीवर फळे! द्राक्षांचे घोस, लिंबू-महाळुंगाच्या जातीची फळे, पाइनची बोंडे, सगळी पानांसकट आणि त्यांच्या नैसर्गिक रंगांत. ल्युकाच्या घराण्याच्या कामात अशा फळांच्या माळा सर्वत्र दिसतात. देवाभोवती सोन्याची प्रभावळ करावी तशी ही शेतमालाची प्रभावळ आहे. कुठे काकडीसुद्धा लटकते.

आमच्या गटात मिरज तालुक्यातले एक वयस्कर बागायतदार होते. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणतो. त्यांनी द्राक्षाचा घोस बराच वेळ न्याहाळला आणि विचारले, “साहेब, हे सगळं मातीचंच?”

“मातीचंच, आबा. वर काचेचा थर.”

ते काही बोलले नाहीत. परतताना गाडीत शेजारी बसले तेव्हा म्हणाले, “चार वर्षांमागं ओढ्याकडचं एक एकर रान भट्टीवाल्याला दिलं. दोन फूट. कर्जाचा हप्ता होता. म्हटलं, मातीच तर हाय. आता तिथं ज्वारीबी धड येत नाही.”

ह्या बोलण्याकडे मी पुन्हा येतो. आधी ही माती देवापर्यंत पोहोचली कशी ते सांगितले पाहिजे.

ल्युकाचा जन्म १४०० सालच्या आसपासचा. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनंतर शंभरएक वर्षांनी झालेला हा माणूस. तो मुळात संगमरवराचा कारागीर. १४३१ ते १४३८ या काळात त्याने फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलांचा संगमरवरी सज्जा कोरला आणि मोठे नाव मिळवले. त्याचे चरित्र लिहिणारा व्हसारी सांगतो की ल्युकाने एकदा आपला हिशेब मांडला. दगडात वेळ किती गेला, श्रम किती पडले आणि हाती काय उरले हे पाहिले, आणि तो मातीकडे वळला. मातीत मूर्ती लवकर होते. पण माती पाणी पिते, थंडीत तडकते, रंग उडतो. त्यावर उपाय म्हणून त्याने कुंभारांच्या भांड्यांवरची पांढरी झिलई मूर्तीवर आणली. १४४२ ते १४४५ च्या दरम्यान त्याच मुख्य चर्चच्या एका दारावरील कमानीत त्याने ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा देखावा अशा मातीत बसवला. तो आजही जागेवर आहे.

ही झिलई कशी होते? वाळू, शिसे आणि क्षार एकत्र वितळवले की काच होते. तिच्यात कथिलाची राख, म्हणजे भाजलेले कथिल, घातले की ती दुधासारखी पांढरी होते आणि खालच्या मातीचा रंग झाकते. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबे, पिवळ्यासाठी अँटिमनी आणि जांभळट तपकिरीसाठी मँगनीज. मूर्ती आधी नुसती भाजायची, मग झिलईचे पाणी चढवून दुसऱ्यांदा भाजायची. भट्टीची उष्णता नऊशे ते हजार अंशांच्या घरात.

यात द्राक्षवाल्यांनी कान टवकारावेत अशी एक गोष्ट आहे. वाळू लवकर वितळावी म्हणून क्षार लागतो. इटलीचे कुंभार तो कुठून आणत? वाइनच्या पिंपाच्या तळाशी जो गाळ बसतो, तो वाळवून जाळत आणि त्याची राख वापरत. त्या राखेत पोटॅश भरपूर. आपण बागेला पोटॅश देतो तो घोसात गोडी उतरावी म्हणून. तिथे घोसातून उतरलेला पोटॅश शेवटी झिलईत गेला आणि मेरीमातेच्या अंगावर चढला.

मातीचीही निवड होती. ल्युकाच्या घराण्याने फिकट रंगाची, चुना भरपूर असलेली माती वापरली. असा चुना मातीत एकजीव मुरलेला असेल तर भाजल्यानंतर निवताना माती आणि झिलई सारख्या प्रमाणात आकसतात, त्यामुळे झिलईला भेगा पडत नाहीत. आपल्या काळ्या रानात चुना असतो तो खड्यांच्या रूपाने. हा खडा विटेत राहिला तर भाजल्यावर त्याची कळी होते, ओल लागताच ती फुलते आणि वीट फोडते. वीटभट्टीवाल्याला हा अनुभव असतो. म्हणजे चुना दोन्हीकडे आहे, पण एकीकडे तो माती राखतो आणि दुसरीकडे फोडतो. मातीपरीक्षण आपल्याकडे खतापुरते होते. त्या कारागिराने ते देवापुरते केले.

मोठी मूर्ती अखंड भाजता येत नाही, ती तडकते. म्हणून ओल्या मातीतच तिचे भाग कापत, पाठ पोखरून पोकळ करत, सुटे भाजत आणि भिंतीवर चुन्याने सांधत. कापताना सांधा वस्त्राच्या चुणीत किंवा पानाच्या कडेला लपवत. या सुट्या भागांचा पुढे फार उपयोग झाला. १९४४ च्या जुलैत, दुसऱ्या महायुद्धात, इम्प्रुनेटाच्या चर्चवर बॉम्ब पडले. छप्पर कोसळले, दोन्ही मंदिरे मोडली. युद्धानंतर लोकांनी ढिगाऱ्यातून तुकडे वेचले, जुळवले आणि मंदिरे पुन्हा उभी केली. आम्ही पाहिली ती अशी, एकदा मोडून पुन्हा सांधलेली.

ल्युकानंतर त्याचा पुतण्या आंद्रेआ आणि आंद्रेआची मुले यांनी हा व्यवसाय चालवला. आंद्रेआचे एक काम फ्लॉरेन्समध्ये रस्त्यावरूनच दिसते आणि ते आपल्या भगिनींनी ऐकावे असे आहे. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने १४१९ साली टाकून दिलेल्या अर्भकांसाठी एक आश्रम बांधायला घेतला. तो १४४५ साली सुरू झाला. नाव ‘इन्नोचेंती’, म्हणजे निष्पापांचा. त्याच्या ओसरीच्या कमानींमध्ये निळ्या गोल पाट्यांवर बाळोत्यात गुंडाळलेली पांढरी बाळे आहेत. त्यांनी दोन्ही हात पुढे पसरले आहेत, जणू कोणी उचलून घ्यावे. आंद्रेआने ती १४८७ च्या सुमारास घडवली. आतल्या अंगणात आश्रमाच्या चर्चच्या दारावरही त्याची एक कमान आहे. तिच्यात देवदूत मेरीला पुत्र होणार असल्याची वार्ता देतो आहे. या आश्रमातली तान्ही मुले अंगावर पाजण्यासाठी आसपासच्या खेड्यांतल्या बायकांकडे दिली जात. म्हणजे शहराने टाकलेली कितीतरी बाळे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईच्या दुधावर जगली. त्या बायकांची नावे भिंतीवर नाहीत, पण बाळे आहेत.

या घराण्याने साचेही वापरले. एका साच्यातून मेरी आणि बाळ येशूच्या अनेक प्रती निघत. त्यामुळे संगमरवर न परवडणाऱ्या घरांत आणि रस्त्याकडेच्या देवळ्यांतही त्या पोहोचल्या. श्रीमंतांनी मोठी कामेही करून घेतली. अंतिनोरी नावाच्या घराण्याने १५२० च्या सुमारास आंद्रेआचा मुलगा जोव्हान्नी याच्याकडून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची कमान घडवून घेतली. सेहेचाळीस भागांची ती कमान. भोवती फळापानांची माळ आहे आणि एका बाजूला खुद्द अंतिनोरी हात जोडून बसला आहे. १८९८ पासून ती अमेरिकेतल्या ब्रुकलिन संग्रहालयात आहे. हे घराणे आजही द्राक्षे पिकवते आणि वाइन करते. आपल्या पूर्वजांच्या कमानीची डागडुजी त्यांनी पाचशे वर्षांनी स्वतःच्या खर्चाने करवली. २०१६ साली ती बॉस्टनच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिली.

एवढे सगळे असून ही कला फार टिकली नाही. झिलईची कृती घराण्याने घरातच ठेवली. एका मुलाने ती फ्रान्सच्या राजाकडे नेली. बुल्योनी नावाच्या दुसऱ्या घराण्याला ती मिळाली, तीही घरातल्या एका बाईकडून बाहेर पडली असे व्हसारी म्हणतो. सोळावे शतक संपण्याच्या आत दोन्ही घराणी थांबली आणि तसे काम करणारा कोणी उरला नाही. खरे तर पांढऱ्या झिलईचे ज्ञान मुळात इटलीचेही नव्हते. नवव्या शतकात इराकच्या कुंभारांना ते ठाऊक होते. तिथून स्पेनमार्गे ते इटलीत आले. मुसलमान कारागिरांच्या भट्ट्यांत तयार झालेली गोष्ट ख्रिस्ताच्या मंदिरात बसली. ल्युका हयात असतानाच, १४७२ साली, इकडे बिदरला महमूद गवानचा मदरसा झिलईच्या फरशांनी मढला होता. ज्ञान हातोहात फिरले तोवर वाढले, एका घरात कोंडले तिथे आटले. मी तीस वर्षे बांधावर जाऊन शेतीचे ज्ञान सांगण्याची नोकरी केली आहे, म्हणून हे मला विशेष जाणवले.

आता आबांच्या बोलण्याकडे येतो. एक एकर रानातून एक फूट माती काढली की ती सुमारे ४३५ ब्रास भरते. दोन फुटांची ८७० ब्रास. पैसे एकदाच मिळतात. पण वरच्या या थरात सेंद्रिय पदार्थ, जिवाणू आणि अन्नद्रव्ये यांचा बहुतेक साठा असतो. एक इंच माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. माती विकू नये असे मी कोणाला फर्मावणार नाही. हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला उपदेश करणे सोपे असते. पण द्यायचीच वेळ आली तर एवढे करा. वरचा फूटभर थर आधी खरवडून बाजूला रचून ठेवा, खालची माती द्या आणि वरचा थर पुन्हा पसरा. उतार असा ठेवा की पाणी साचणार नाही. ज्यांची गेली आहे त्यांनी तलावातला गाळ आणून पसरावा, ताग-धैंचा गाडावा, शेणखत द्यावे. धरणातला गाळ शेतात नेण्याची शासनाची योजना २०१७ साली सुरू झाली, तिची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे करा. आबांनी गेल्या दोन उन्हाळ्यांत गाळ ओढला आहे. पहिल्या वर्षी ताग, मग हरभरा. रान सावरते आहे, पण पूर्वीसारखे व्हायला वेळ लागेल हे तेही जाणतात.

इटलीला जाणे सगळ्यांना जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मिरजेहून लोंढ्यामार्गे रेल्वे गोव्याला जाते. जुन्या गोव्यात टेकडीवर संत ऑगस्टीनच्या चर्चचे भग्नावशेष आहेत. १६०२ सालचे हे चर्च १८३५ साली ओस पडले, १८४२ साली त्याची कमान कोसळली आणि आता अर्धवट मनोरा उभा आहे. तिथल्या पडक्या मंदिरांच्या भिंतींवर झिलईच्या फरशांचे अवशेष सापडतात. पोर्तुगीज त्यांना अझुलेजु म्हणतात. त्या मूर्ती नव्हेत, सपाट फरशा आहेत, पण कथिलाची पांढरी झिलई तीच. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातही अशा फरशांवरची मोठी चित्रे आहेत. ती १९३५ सालची, आणि शाबूत.

पुढच्या सुटीत मुलांना घेऊन गेलात तर ऑगस्टीनच्या पडक्या भिंतीपाशी थोडा वेळ काढा. फुटलेल्या फरशीची कड त्यांना दाखवा. हात लावू देऊ नका, नुसती दाखवा. आत पिवळसर माती, तिच्यावर पांढरा थर, त्या थरावर रंग. कोणता भाग शेतातून आला आणि कोणता भट्टीतून, ते त्यांनाच ओळखू द्या.